साडेचारच्या आत परत : माल्टामधला आमचा हॉप-ऑन हॉप-ऑफ दिवस

मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण, म्हणजे मी, नवरा, बारा वर्षांची लेक आणि सासू-सासरे म्हणजे आई आणि अप्पा, भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या क्रूझवर होतो. जिनोव्हाहून निघालो, वाटेत बाकीची बंदरंही झाली, पण मला लिहायचंय ते फक्त माल्टाच्या दिवसाबद्दल. त्या दिवशी आम्ही जहाजाची टूर घेतली नाही, स्वतःच हॉप-ऑन हॉप-ऑफ बसची, म्हणजे एकाच तिकिटावर हवं त्या थांब्यावर उतरायचं आणि मागून येणाऱ्या बसमध्ये पुन्हा चढायचं अशा बसची, तिकिटं काढली आणि फिरलो. परत आल्यापासून ओळखीतल्या तिघा-चौघांनी विचारलं की गुडघे दुखणारी माणसं बरोबर असताना ही बस जमते का, वेळेत परत येता येतं का, म्हणून म्हटलं एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकू.

आधी हे सांगते की मी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना छायाप्रकाश समजावताना मी वर्षानुवर्षं काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराच्या चित्रांची प्रिंट दाखवत आलेय, आणि त्याचं सगळ्यात मोठं चित्र माल्टाच्या राजधानीत, व्हॅलेटाच्या सेंट जॉन्स को-कॅथीड्रल या मोठ्या चर्चमध्ये आहे. त्यामुळे क्रूझ बुक करताना यादीत व्हॅलेटा दिसल्यावर मी बाकी काहीच बघितलं नाही, हीच क्रूझ म्हटलं. तर दिवसाचं माझं काम ठरलेलं होतं, ते चित्र. बाकीच्यांचं मात्र तसं नव्हतं. लेकीला उघड्या डबलडेकरमधून फिरायचं होतं, अप्पांना जमेल तेवढा देश बघायचा होता, आणि आईंना जिने नकोत, उन्हात चालणं नको आणि बाथरूम जवळ हवं, एवढीच अट होती. या सगळ्यांना एकत्र बसवेल असं एकच काहीतरी होतं, ती ही बस.

जहाजाची टूर का नाही घेतली ते पण सांगते. पाच जणांचा हिशोब बसच्या तिकिटांच्या जवळपास तिप्पट जात होता. पण एक गोष्ट लक्षात घ्या, तुम्ही जहाजाच्या टूरवर असाल आणि टूरची बस अडकली तर जहाज थांबतं. स्वतः फिरताय आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं, पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने जायचं. आमचं जहाज पाचला सुटणार होतं आणि सगळ्यांनी साडेचारला आत असायला हवं होतं. ही साडेचारची वेळ मी दिवसभर मनात धरून होते, पाचची नाही.

आदल्या रात्री तयारी केली ती अशी. पासपोर्ट जहाजावरच जमा होते म्हणून त्यांच्या झेरॉक्स प्रत्येकाच्या खिशात, जहाजाचं कार्ड गळ्यात. केबिनमध्ये रोज जो कार्यक्रमाचा कागद येतो त्यावर त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून पाचही फोनमध्ये टाकला. जहाजाचं घड्याळ आणि माल्टाचं घड्याळ एकच आहे ना ते रिसेप्शनला जाऊन विचारून आले, कारण सगळ्या बंदरांत तसं असेलच असं नाही. आणि फोन बंदरात पाय ठेवेपर्यंत एअरप्लेन मोडवर, नाहीतर समुद्रावरच्या नेटवर्कचं बिल डोळे पांढरे करतं. अजून एक, मी नवऱ्याला आणि लेकीला बसवून सांगितलं की काही झालं तरी पाचही जण एकत्र राहायचं, कोणी कोणाला सोडून पुढे जायचं नाही. हा नियम शेवटी मीच मोडला, ते पुढे येईलच.

सकाळी सातच्या सुमारास जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरलं तेव्हा आम्ही वरच्या डेकवर होतो. मी सोलापूरची, किल्ले बघत मोठी झालेली, पण इतकी तटबंदी एका जागी मी आयुष्यात बघितली नव्हती. दोन्ही बाजूंनी बुरूज, त्यावर बुरूज, खाली पाण्यापर्यंत उतरलेली भिंत, आणि सगळा दगड मधासारखा पिवळा, सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरशः आतून पेटल्यासारखा. एका बाजूला सेंट एल्मोचा किल्ला, दुसऱ्या बाजूला सेंट अँजेलो. १५६५ साली ऑटोमन सैन्याने या बेटाला वेढा घातला होता, मे ते सप्टेंबर, आणि सेंट जॉनच्या नाइट्सनी, म्हणजे तेव्हा इथे राज्य करणाऱ्या ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघाने, तो परतवला. त्यानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी हे व्हॅलेटा शहर वसवायला घेतलं. १५६५ म्हटल्यावर माझ्या डोक्यात लगेच राक्षसतागडीची लढाई आली, तीही त्याच वर्षाच्या जानेवारीतली, आमच्यापासून फार लांब नाही. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली म्हणजे त्या वर्षी सगळीकडेच लढाई होती का. मला छान वाटलं तिने तसं विचारलेलं.

जहाज जिथे लागतं ती जागा म्हणजे व्हॅलेटा वॉटरफ्रंट, जुन्या गोदामांची रांग, रंगीत दारांची. बाहेर पडल्या पडल्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे बसवाले उभे असतात, दोघांचे नकाशे हातात. दोघांकडेही उत्तरेचा आणि दक्षिणेचा असे दोन मार्ग. दक्षिणेला मार्साश्लोकचं मासेमारी गाव, डोळे रंगवलेल्या होड्या, ब्लू ग्रोटो. उत्तरेला इम्दीना, मोस्ता, मग किनारा, सेंट ज्युलियन्स, स्लीमा. एका दिवसात दोन्ही होतात असं विकणारा सांगत होता, पण नकाशावरच्या वेळा बघितल्या तर एकेक फेरी न उतरता अडीच-तीन तासांची होती. आम्ही उत्तर घेतली. माणशी २५ युरोच्या आसपास पडले, लेकीचं त्याहून कमी. पैसे देण्याआधी मी त्याला तीन प्रश्न विचारले आणि तुम्हीही नक्की विचारा : दोन बसमध्ये अंतर किती, शेवटची बस प्रत्येक स्टॉपवरून किती वाजता, आणि बस गोल एकाच दिशेने फिरते का. त्याने सांगितलं अर्ध्या तासाने बस, आणि हो, एकाच दिशेने. हा एक दिशेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. एका दिशेने फिरणाऱ्या बसमध्ये तुम्ही अर्ध्यात कंटाळलात तरी मागे फिरता येत नाही, पूर्ण चक्कर मारूनच यावं लागतं.

आता क्रम काय लावायचा यावर आमच्यात रात्री बरीच चर्चा झाली होती. कॅथीड्रल तर जहाजाच्या डोक्यावरच, म्हणजे वॉटरफ्रंटवरून लिफ्टने वर गेलं की शहर. मला वाटत होतं सकाळी आधी तेच करावं. नवरा म्हणाला लांबचं आधी, जवळचं शेवटी, म्हणजे उशीर झाला तरी आपण जहाजाच्या जवळ असू. क्रूझला जाणारे सगळे हेच सांगतात आणि त्यात तथ्य आहेच, म्हणून मी मान्य केलं.

सव्वानऊची बस मिळाली. सकाळचा पहिला तास म्हणजे या तिकिटाचे पैसे वसूल. वरच्या डेकवर जागा रिकाम्या, वारा गार. आई खालीच बसल्या, त्या अरुंद वळणाच्या जिन्यावरून त्यांना चढवणं शक्य नव्हतं, पण खाली काचा मोठ्या होत्या आणि सगळ्यात पुढची सीट मिळाली, त्यामुळे त्या खूश होत्या. अप्पा मात्र ७४ वर्षांचे असून वर आले. कानात हेडफोन लावून इंग्रजी कॉमेंट्री ऐकत होते आणि मध्येच काढून दुकानांच्या पाट्या वाचत होते. अप्पांची बावीस वर्षं मस्कतमध्ये गेलीत नोकरीला. एका बेकरीवर पाटी होती, त्यांनी मोठ्याने वाचली, होब्स, आणि एकदम मागे वळून म्हणाले, "अगं हे तर खुब्ज! पाव! मस्कतला रोज आणायचो की मी!" मग त्यांना नादच लागला. माल्टी भाषा लिहितात रोमन लिपीत, त्यात इटालियन शब्दही भरपूर, पण मूळ अरबीच्या घरातलं. रस्त्याला त्रीक म्हणजे अरबी तरीक, दरवाज्याला बीब म्हणजे बाब. आकडे तर वीहेद, त्नेन, त्लीता, एर्बा, हम्सा. खाली उतरताना अप्पांनी कंडक्टर मुलीला आमची मोजणी करून दाखवली, वाहिद, इत्नेन, थलाथा, अरबा, खम्सा, पाच जण. ती हसायला लागली आणि तिने तिच्या पद्धतीने परत मोजलं. दिवसभरात अप्पा इतके उजळलेले मी खूप महिन्यांत बघितले नव्हते.

देश किती छोटा आहे याचा अंदाज बसमधूनच येतो. तिन्ही बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं धरली तर त्याच्या जवळपास निम्मं. गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने, कारण १९६४ पर्यंत इंग्रजांचं राज्य होतं, लाल टेलिफोन बूथ अजून कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. रस्त्याच्या कडेने जुन्या जलवाहिनीच्या कमानी लागतात, १६१५ मध्ये पूर्ण झालेली, रबात गावाकडचं पाणी व्हॅलेटाला आणणारी. सान आंतोनची बाग आम्ही बसमधूनच बघितली. ता कालीला, जिथे दुसऱ्या महायुद्धात विमानतळ होता आणि आता कारागिरांची दुकानं आहेत, तिथेही उतरलो नाही. प्रत्येक स्टॉपला लेक विचारायची उतरायचं का, आणि मी नाही म्हणायचे. याला माझ्याकडे एक साधं कारण होतं. तुम्ही एकदा उतरलात की बघायला वीस मिनिटं लागोत की पाच, पुढच्या बसची अर्धा तास वाट बघायचीच आहे. तीन स्टॉपला उतरलात तर दीड तास त्यातच गेला. म्हणून आम्ही दोनच ठरवले होते, इम्दीना आणि मोस्ता.

इम्दीना म्हणजे मदिना, अरबी शब्दच, शहर. नाइट्स येण्याच्या आधीची राजधानी, टेकडीवर, तटबंदीच्या आत. १७२४ मधला नक्षीदार दरवाजा, समोर खंदकावरचा पूल. आत आता जेमतेम तीनशेच्या आसपास माणसं राहतात आणि गाड्यांना जवळपास बंदी आहे, त्यामुळे आत पाऊल टाकलं की आवाजच बंद होतो. गल्ल्या मुद्दाम वाकड्या, म्हणजे बाणाला आणि वाऱ्याला सरळ वाट मिळू नये. भिंती उंच, त्यामुळे सावली, आणि जमीन बऱ्यापैकी सपाट, आई काठी टेकत आरामात चालल्या. टोकाला बुरुजावर मोकळा चौक आहे, तिथून समुद्रापर्यंतचं अर्धं बेट दिसतं आणि मधोमध एक प्रचंड घुमट. अप्पा म्हणाले विजापूर दिसतंय. तो मोस्ताचा घुमट, आमचा पुढचा स्टॉप.

बाहेर रबातच्या बाजूला पास्तीत्सी खाल्ली. ही पास्तीत्सी म्हणजे आपल्या खारीच्या कणकेची होडीसारखी पुडी, आत एकतर रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं मसालेदार सारण. वाटाण्याची खाल्ली आणि आई म्हणाल्या ही तर आपल्या इथल्या बेकरीतली पॅटिस. किंमत एक युरोच्या आत. शाकाहारी असाल तर एक विचारून घ्या, काही ठिकाणी कणकेत डुकराची चरबी घालतात, आम्ही विचारलं तर त्याने मार्गारिन सांगितलं मग घेतली. चहा काचेच्या ग्लासात, दुधाचा, कडक. सहाव्या दिवशी मिळालेला पहिला पिण्यासारखा चहा.

आता खरी अडचण इथून सुरू झाली. साडेअकराला आम्ही स्टॉपवर येऊन उभे राहिलो. पावणेबाराची बस आली ती खच्चून भरलेली, ड्रायव्हरने दार उघडलं आणि तीनच जण घेईन म्हणाला. आमच्या पुढे अकरा माणसं. त्या दिवशी बंदरात दोन मोठी जहाजं होती आणि दोन्हीकडचे लोक याच वेळी इम्दीनात पोचलेले. आता तुम्ही म्हणाल पुढची बस सव्वाबाराला, तर ती आलीच नाही. साडेबारा झाले, एक वाजायला वीस कमी. स्टॉपला शेड नाही, ऊन बरोबर डोक्यावर. मी तिकिटावरच्या नंबरला फोन केला, पलीकडून बस येतेय एवढंच उत्तर. आईंना समोरच्या बागेत बाकावर बसवलं, लेक त्यांच्याजवळ, मी आणि नवरा रांगेत. एक इंग्रज बाई चाकाच्या खुर्चीतल्या नवऱ्याला घेऊन उभ्या होत्या, त्यांनाही जागा नाही म्हणून सांगितलं. त्याचा मला फार राग आला, अजूनही येतो. अर्ध्या तासाने बस असं सांगून तुम्ही पैसे घेता, किती जहाजं लागणार आहेत ते बंदराच्या वेळापत्रकात महिनोन्महिने आधी लिहिलेलं असतं, मग जास्तीच्या बस का ठेवत नाही? उन्हात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांची ती जबाबदारी त्या कंपनीचीच होती. शेवटी पाऊण वाजता दोन बस एकामागे एक आल्या आणि सगळ्यांना जागा मिळाली.

हे लिहायचं कारण एवढंच की तुम्ही जाल तेव्हा बंदरात त्या दिवशी किती जहाजं आहेत ते आधी बघा. दोन-तीन असतील तर गर्दीच्या स्टॉपवर परतीसाठी एका बसचा वेळ जास्तीचा धरा आणि बस यायच्या वीस मिनिटं आधी रांगेत जा.

मोस्ताला उतरू नये असं नवऱ्याचं मत पडलं, वेळ गेला होता. पण अप्पांनी बुरुजावरून तो घुमट बघितला होता, आणि आम्ही सगळेच सोलापूरचे, शाळेची पहिली सहल विजापूरला गोलघुमटला गेलेले. उतरलोच. आत गेल्यावर वर बघितलं आणि पाचही जण गप्प. आतून सुमारे ३७ मीटर व्यास, मधे एकही खांब नाही, निळी-सोनेरी-पांढरी नक्षी. गोलघुमट आतून साधारण तेवढाच रुंद आहे पण तो उंच, गंभीर, हा उजेडाने भरलेला. १८३३ मध्ये बांधायला घेतला तेव्हा गावाचं जुनं चर्च मधे तसंच ठेवून त्याच्याभोवती नवं बांधत गेले, म्हणजे प्रार्थना बंद पडू नये, आणि नवं उभं राहिल्यावर १८६० मध्ये आतलं जुनं पाडलं.

आणि मग ती बॉम्बची गोष्ट. ९ एप्रिल १९४२, संध्याकाळची प्रार्थना चालू, आत तीनशेच्या आसपास माणसं, आणि जर्मन विमानातून पडलेला बॉम्ब हा घुमट फोडून थेट आत फरशीवर आला. फुटला नाही. एकही माणूस मेला नाही. तसाच दिसणारा बॉम्ब मागच्या खोलीत ठेवलाय, आम्ही तो बघितला, लेकीच्या छातीपेक्षा उंच. आईंनी त्याच्यासमोर हात जोडले. मी त्यांना काही म्हटलं नाही, माझेही जोडले गेले. त्या घटनेनंतर सहाच दिवसांनी, १५ एप्रिलला, इंग्लंडच्या राजाने या अख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं, ते आजही त्यांच्या झेंड्यावर आहे. हेडफोनवर हे ऐकलं होतं तेव्हा नुसती माहिती होती, त्या घुमटाखाली उभं राहिल्यावर ती वेगळीच लागली.

बाहेर पडताना लेकीने विचारलं की चर्चला घड्याळं दोन का आहेत. इथल्या बऱ्याच चर्चना तशी असतात, लोक सांगतात की एक खरी वेळ दाखवतं आणि दुसरं सैतानाला फसवायला. ती घाबरून म्हणाली आपण कुठलं बघितलं? मी लगेच हातातलं घड्याळ बघितलं, दीड.

पुढची बस वेळेवर आली, दोनला पाच कमी. इथून किनारा सुरू होतो आणि खरंच सुंदर आहे. लांबवर सेंट पॉलचं बेट दिसतं, त्यावर पुतळा, इसवी सन ६० च्या सुमारास संत पॉल ज्या जहाजातून रोमला चालले होते ते इथे फुटलं असं मानतात. मग रस्त्याला लागून नाइट्सच्या काळातली मिठागरं, पाण्याचे चौकोन ओळीने. पण मला सांगायला वाईट वाटतं की मी यातलं निम्मं धड बघितलंच नाही, माझं सगळं लक्ष फोनवरच्या नकाशाकडे. सेंट ज्युलियन्सच्या आधी ट्रॅफिक लागलं ते स्लीमापर्यंत सुटलंच नाही. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, बांधकामं चाललेली, आपल्या कर्वे रोडची आठवण यावी. अडीचला व्हॅलेटा यायला हवं होतं, अडीचला आम्ही स्लीमाच्या अलीकडे.

स्लीमाच्या स्टॉपवरून समोरच्या पाण्यापलीकडे व्हॅलेटा दिसतं, अगदी हाताच्या अंतरावर, आणि तिथून छोटी फेरी बोट जाते, दहा मिनिटांत पलीकडे. कंडक्टर मुलीने स्वतः सुचवलं की घाई असेल तर उतरून बोट पकडा. पण पलीकडच्या धक्क्यावरून शहरात जायला खडी चढण आहे, आणि आईंचे गुडघे. तरुण माणसं असाल तर जरूर बोटच घ्या, ट्रॅफिकपेक्षा कितीतरी बरी. आम्ही बसमध्येच राहिलो आणि तीन वाजून दहा मिनिटांनी व्हॅलेटाच्या सिटी गेटसमोर उतरलो.

मी मनातल्या मनात कॅथीड्रल सोडून दिलं होतं. नवऱ्यालाही तसं सांगितलं, चला सरळ लिफ्टकडे जाऊ. तर आईच थांबल्या. म्हणाल्या, "तू जा गं. सहा महिने झाले त्या चित्राचं बोलतेस. आम्ही बागेत बसतो, हा आहे ना आमच्याबरोबर. लेकीला घेऊन जा आणि पळत ये." मी नियमाचं बोलले तर अप्पा म्हणाले नियम तूच केलास ना मग तूच मोड, आम्ही इथून हलत नाही. ठरलं असं की ते तिघं अप्पर बराक्का बागेत थांबणार, लिफ्ट तिथूनच खाली जाते, आणि मी काही झालं तरी चारला तिथे. नाही आले तर त्यांनी खाली जायचं, मी मागून येणार.

रिपब्लिक स्ट्रीटवरून आम्ही दोघी अक्षरशः धावलो. तिकिटाला दहा मिनिटं गेली. माणशी तिकीट १५ युरो, लेकीचं वेगळं, आणि खांदे झाकलेले हवेत, मी ओढणी घेतली होतीच. टोकदार टाचेच्या चपला आत चालत नाहीत, कारण खाली सगळी फरशी म्हणजे नाइट्सच्या समाध्या आहेत, चारशेच्या आसपास, रंगीत संगमरवराच्या तुकड्यांनी जडवलेल्या, सांगाडे, मुकुट, तलवारी. लेक खाली बघतच राहिली. तिला ओढत उजवीकडच्या ऑरेटरीत, म्हणजे प्रार्थनेच्या खोलीत, गेले.

आणि समोर ते. सेंट जॉनचा शिरच्छेद, १६०८. सव्वापाच मीटर रुंद. मी पुस्तकात, स्लाइडवर, फोनवर इतक्यांदा बघितलेलं, पण माणसं खऱ्या उंचीची आहेत हे पुस्तकात कळतच नाही. सगळी माणसं डावीकडे दाटलेली, आणि उजवीकडचा अर्धा कॅनव्हास जवळपास रिकामा, नुसती तुरुंगाची भिंत, गजाआडून बघणारे दोन कैदी, लोंबणारा दोर. मुलांना मी नेहमी सांगते कागद रिकामा सोडायला घाबरू नका, आणि ती घाबरतात, मीही घाबरते. इथे त्या माणसाने एवढी मोठी जागा रिकामी सोडली आणि तिच्यामुळेच डावीकडचं सगळं असह्य होतं. सांडलेल्या रक्तातून त्याने आपलं नाव लिहिलंय, त्याने सही केलेलं हे एकच चित्र. नाइट म्हणून त्याला घेतलं त्याच वर्षी, मारामारीच्या गुन्ह्यापायी कैदेत टाकलं, आणि तिथून पळाला म्हणून काढूनही टाकलं त्याच वर्षी, डिसेंबरात, तेही या खोलीत, या चित्रासमोर. तो स्वतः अर्थातच तेव्हा हजर नव्हता. लेकीने हळूच विचारलं, आई रडतेयस का. हो म्हटलं.

फोन न काढता चौदा मिनिटं उभी राहिले. लेकीने घड्याळ बघितलं आणि माझा हात ओढला.

कॅथीड्रलमधून बाहेर येऊन चालत होतो तेवढ्यात तोफ वाजली. अप्पर बराक्काच्या खालच्या बुरुजावरून रोज दुपारी बारा आणि चारला तोफ उडवतात, पूर्वी बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून. आमच्यासाठी तिने तेच काम केलं. चारचा वायदा होता आणि आम्ही अजून चार-पाच मिनिटं लांब. बागेत पोचलो तर तिघंही कमानीखाली, अप्पा कठड्याला टेकून. त्यांनी तोफ अगदी वरून बघितली होती, गणवेशातले सैनिक, धूर, सगळं, ते मला सांगू लागले तर नवऱ्याने लिफ्टकडे ढकललं.

ही लिफ्ट नसती तर आईंना हा दिवस जमला नसता हे मी स्पष्ट सांगते. ५८ मीटर, २०१२ मध्ये बांधलेली नवीन, त्याच जागी १९०५ ची जुनी होती. रांगेत आमच्यापुढे पंचवीसेक माणसं, पण एका वेळी वीसेक जण जातात, त्यामुळे दुसऱ्या खेपेला नंबर लागला. खाली खंदकातून बाहेर पडून वॉटरफ्रंटपर्यंत सपाट रस्ता, आईंच्या चालीने बारा मिनिटं. सिक्युरिटीच्या मशीनवर बॅगा ठेवल्या तेव्हा चार सव्वीस.

वर गेल्यावर आईंनी केबिनमधून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली, कारण जेवण कोणीच केलं नव्हतं, आणि आम्ही पाचही जण डेकवर जमिनीवर बसून खाल्लं. पाचला जहाज हललं. त्याआधी दोन नावं तीनदा पुकारली होती, ती माणसं आली का ते शेवटपर्यंत कळलं नाही, मी मात्र शिडी काढेपर्यंत धक्क्याकडेच बघत होते. सेंट अँजेलोच्या समोरून वळताना अप्पा बोटांनी बुरूज मोजत होते, वीहेद, त्नेन, त्लीता, आणि लेक त्यांना पुढचा आकडा सांगत होती.